डावीकडचं आकाश

त्या वर्षी मला माझ्या बायकोचा हेवा वाटत होता. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली आणि आताही ते लिहिताना हात थोडा आखडतोच. बायकोच्या माहेरच्या श्रीमंतीचा नवऱ्याला हेवा वाटला, किंवा मुलं तिच्याकडेच आधी धावतात याचं वाईट वाटलं, तर ते लोक समजून घेतात. माझा हेवा देवाच्या बाबतीतला होता. महाराज तिला दिसत होते आणि मला दिसत नव्हते. एवढंच. पण तेवढ्याने माझी झोप उडाली होती, जेवण उतरत नव्हतं, आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मनात नामाऐवजी तक्रार येत होती.

महाराजांचं नाव इथे लिहीत नाही. जे त्यांना मानतात ते ओळखतील, आणि इतरांना त्याने काही फरक पडत नाही. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. पारावर बसलेले, डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेली, चेहरा अर्धाच दिसणारा. त्या फोटोपुढे मी तरुणपणापासून बसत आलो. नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, पाळीची ड्यूटी. तरी माझा नेम चुकला नाही. रात्रपाळी करून नागपुरात बर्डीवर बसमधून उतरलो की घरी येऊन आधी अंघोळ, मग पोथी, मग झोप. गुरुवारचा उपास, थंडीतही गार पाण्याची अंघोळ, कांदा-लसूण बंद. हे सगळं मी मनापासून केलं, आणि खरं सांगायचं तर हे सगळं मी मोजूनही ठेवलं होतं. देवाकडे आपलं काही जमा झालं असेल असं मला वाटत असे.

दर गुरुवारी संध्याकाळी जुनी शुक्रवारी या वस्तीत अण्णाजींच्या घरी आमच्या मंडळाचं भजन व्हायचं. अण्णाजी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मंडळात सर्वांत वडीलधारे. त्यांनी एक रीत घालून दिली होती. आरती झाली की प्रसादाच्या आधी अनुभव सांगायचा. ज्याला महाराजांची प्रचीती आली असेल त्याने उभं राहून ती सांगावी, आणि त्याचं सांगून झालं की बाकी सगळ्यांनी त्याच्या पाया पडावं, लहान-मोठा न बघता. तेवढ्या वेळापुरते महाराज त्याच्या ठायी आहेत असं मानायचं. कुणाचं हरवलेलं पोर सापडलेलं असे, कुणाला ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वप्नात दर्शन झालेलं असे. माझ्यानंतर मंडळात आलेल्या, आरती पुस्तकात बघून म्हणणाऱ्या माणसांच्या पाया मी वर्षानुवर्षं पडलो. मला एकही अनुभव नव्हता. लोक समजूत घालत, तुमची साधना मोठी, तुम्हाला एकदम मोठंच काही मिळेल. मी मान हलवायचो. घरी येताना सायकल मात्र जोरात मारायचो.

आता मंदाविषयी सांगायला हवं. मंदा माझी बायको. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्यात उजव्या डोळ्यात फूल पडलं आणि तो डोळा कायमचा गेला. राहिलेल्या डाव्या डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा, आणि त्या एका डोळ्यावर तिने सारा संसार केला. तांदूळ निवडले, मुलांचे कपडे शिवले, शेजारणीच्या मुलींना भरतकाम शिकवलं. भक्तीचं म्हणाल तर ती भजनाला यायची ती माझ्यासोबत यायचं म्हणून. मागे बसायची, प्रसादाचे द्रोण लावायची, मध्येच एखादी डुलकीही काढायची. तिला पूर्ण आरती पाठ नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तेव्हा माझ्या मनात हेच घोळत असे.

थंडीच्या दिवसांत एका गुरुवारी ती अचानक उभी राहिली. म्हणाली, संध्याकाळी अंधारात देवघराकडे वळते तेव्हा डोळ्याच्या कडेला ज्योत चमकते. वीज चमकावी तशी, पण आवाज नाही. एकदा नाही, रोज. अण्णाजींनी हात जोडले. सगळे उठले, रांग लागली. रांगेत मी होतो. माझी पाळी आली तेव्हा तिने पाय मागे ओढले आणि हळूच म्हणाली, "अहो, तुमी नका ना." त्यावर अण्णाजी म्हणाले की आज इथे नवरा-बायको कोणी नाही, वाका. मी वाकलो. तिच्या टाचेच्या भेगा, पायातली झिजलेली जोडवी इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. ती जोडवी मीच घेऊन दिली होती. डोकं टेकवताना मनात आलं, इतकी वर्षं गार पाण्याने मी अंघोळ करतो आहे आणि ज्योत हिला.

त्यानंतर घराची कळाच बदलली. आठवड्यातल्या आडवारीही बाया नारळ घेऊन येऊ लागल्या. मंदाच्या हातून कुंकू लावून घ्यायचं, तिच्या हातचं पाणी आजाऱ्यासाठी न्यायचं. मी ड्यूटीवरून यायचो तर बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग, आणि आत मला चहा विचारायलाही कुणी मोकळं नाही. मंडळात आम्हा दोघांना पुढे, फोटोजवळ बसवू लागले. तिला मानाने आणि मला तिचा नवरा म्हणून. वरून मी हसून होतो. आत जे चाललं होतं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. एका पहाटे फोटोपुढे बसून मी दोन्ही डोळे बोटांनी दाबून धरले. पिवळे-हिरवे रंग फिरू लागले. क्षणभर वाटलं, आलं! मग डोळे उघडले तर बुबुळं दुखत होती आणि फोटो होता तसाच होता. त्या दिवशी मी पोथी वाचली नाही.

तिचं मात्र वाढतच गेलं. होळीच्या सुमारास ती म्हणाली की आता दिवसाही दिसतं. भिंतीकडे पाहिलं की काळे बारीक कण उडताना दिसतात, नजर फिरवली की तेही फिरतात. मंडळाने ठरवलं, महाराज उदी उधळताहेत. चैत्र सरता सरता तिने सांगितलं की आता डाव्या बाजूला काहीतरी काळं, कापडाच्या काठासारखं, सारखं उभं असतं. अण्णाजींचे डोळे भरून आले. ते फोटोकडे गेले, काळ्या घोंगडीच्या काठावर बोट ठेवून म्हणाले, महाराज हिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या दिवशी पाया पडायची रांग जिन्यापर्यंत गेली होती. मी त्या रांगेत दोनदा उभा राहिलो. एकदा रीत म्हणून, आणि दुसऱ्यांदा अशी एक आशा होती की तिच्या पायांतून तरी काही मिळेल.

काही मिळालं नाही, आणि मग मी कडू झालो. त्याच दिवसांत ती घरात धडपडू लागली होती. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप उलटवायची, पलंगाच्या कोपऱ्याला मांडी आपटायची, दाराच्या चौकटीला खांदा. मी टोचून बोलायचो. देवपण आल्यावर जमिनीकडे बघायचं नसतं का, असं एकदा मुलांदेखत म्हणालो. ती सांडलेला चहा पुसत राहिली. मला ते तिचं मिरवणं वाटत होतं. हेवा माणसाला आंधळा करतो असं नाही, तो फार बारकाईने बघायला लावतो. फक्त जे दिसतं त्याचा अर्थ माणूस चुकीचा लावतो. तिची प्रत्येक ठेच मला दिसत होती.

तो गुरुवार वैशाखातला. नागपूरचा उन्हाळा, दिवसभर घरं तापलेली, म्हणून भजन अण्णाजींच्या गच्चीवर होतं. गच्चीवर पाणी मारलं होतं, सतरंज्या टाकल्या होत्या. दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने आरती सुरू झाली आणि मध्येच लाइट गेली. पूर्ण वस्ती काळोखात बुडाली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी मला हाक मारून विचारलं, "काय गा कोराडीवाले, बंद केलं का?" सगळे हसले. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उन्हाळ्यात रोज रुसायचा, त्यात माझा किंवा कोराडीचा काही हात नव्हता, पण वीज गेली की शिव्या माझ्या वाट्याला ठरलेल्या. वाऱ्याने निरांजनही विझलं. अण्णाजी म्हणाले, महाराजांचीच इच्छा दिसते, डोळे मिटून थोडं ध्यान करू.

सगळ्यांनी डोळे मिटले. मंदाने मिटले नाहीत, कारण घोंगडी तिला उघड्या डोळ्यांनीच दिसायची. मी तिच्या उजवीकडे बसलो होतो आणि मीही मिटले नव्हते. मी तिला बघत होतो. ही कशी बघते, हिच्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं, ते एकदा नीट पाहून घ्यावं, खरं आहे की सोंग आहे ते कळू दे, असा माझ्या मनात हिशेब चालला होता. तिला माझी नजर जाणवली असावी. ती माझ्याकडे झुकून कुजबुजली, आज महाराज फार जवळ आले आहेत, अर्धं आभाळ त्यांनी झाकलं. मी विचारलं कुठे, तर तिने डावा हात उचलून पाण्याच्या टाकीच्या वरचं आकाश दाखवलं.

मी तिच्या चेहऱ्यापलीकडे, तिने दाखवलं तिकडे पाहिलं. कसं पाहिलं ते सांगायला हवं. त्यात भक्ती नव्हती. तिथे काही नाही हे बघून घ्यायचं होतं, आणि त्याच वेळी, काही असेल तर या खेपेला ते माझ्या हातून सुटू नये असंही वाटत होतं. आणि तेव्हाच टाकीच्या बऱ्याच वर, जिथे तिने हात दाखवला होता तिथे, एक पांढरा ठिपका पेटला आणि चालू लागला. तुटता तारा आपण एरवी बघतो, तो डोळा लवेपर्यंत जातो. हा गेला नाही. हा सावकाश, भारदस्तपणे खाली येत होता, वेल्डिंगच्या जाळासारखा पांढरा, कडेने हिरवट, मागे ठिणग्यांची शेपटी सोडत. गच्चीचा कठडा उजळला. तुळशीच्या कुंडीची सावली भिंतीवरून सरकत गेली. मग त्याचे दोन तुकडे झाले, दोन्ही लाल झाले आणि घरांच्या मागे कुठेतरी विझले. कसलाही आवाज झाला नाही. मिटल्या पापण्यांतून उजेड जाणवला म्हणून मागून कुणीतरी विचारलं, लाइट आली का? एक-दोघांनी डोळे उघडले, तोवर पुन्हा काळोख होता.

त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार महाराजांचा आला नाही. पहिला विचार आला तो मंदाचा: हिला दिसलं का? मी तिच्याकडे वळलो. ती त्याच दिशेला तोंड करून बसली होती, डोळा उघडा, चेहरा शांत, जराही हललेला नाही. तिला दिसलं नव्हतं. मला झालेला तो आनंद आठवला की आजही अंगावर काटा येतो. इतक्या वर्षांनी, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, मला, एकट्याला! आणि ज्या जागेवर तिचे महाराज उभे होते तिथेच, तिला वगळून!

पण हेव्याला एवढ्यावर चैन पडत नाही, त्याला पक्कं करून घ्यावं लागतं. मी हळू आवाजात विचारलं, दिसलं का तुला काही? ती म्हणाली, कठड्यावर उजेडासारखं झालं, कोणी टॉर्च मारला का? मी विचारलं, तू बघत कुठे होतीस?

"महाराजांकडे. तिथंच."

"मग तिथं काय दिसलं?"

"काळं. घोंगडीच दिसते ना, दुसरं काय दिसन?"

"अन् तारे?"

"तिकडे तारे नाहीत," ती म्हणाली, अगदी सहज. "तारे सारे इकडे, तुमच्याकडे आहेत."

मी वर पाहिलं. लाइट गेलेली, चंद्र नव्हता, टाकीच्या वरचं आकाश ताऱ्यांनी गच्च भरलेलं होतं. उलटलेला कप, पलंगाचा कोपरा, दाराची चौकट, सगळ्या ठेचा एका रांगेत उभ्या राहिल्या, आणि सगळ्या डाव्या बाजूच्या होत्या. आणि तिला डोळा एकच होता.

तेवढ्यात अण्णाजींनी कंदील मागवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही अनुभव? मी उभा राहिलो. मला उभं राहिलेलं पाहून मंडळात कुजबुज झाली, कारण इतक्या वर्षांत मी कधी उभा राहिलो नव्हतो. सांगायला माझ्याकडे होतं, मंडळातल्या कुणाकडे नसेल असं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अण्णाजी, हिच्या डोळ्याले काहीतरी झालं. आम्ही घरी जातो."

अण्णाजी समजावणीच्या सुरात म्हणाले की ज्या डोळ्याला महाराज दिसतात त्याला काय होणार. मागच्या बायांमधून एक काकू म्हणाल्या, आणि मला ऐकू जाईल अशाच म्हणाल्या, की यांना बायकोचं मोठेपण पाहवत नाही. मला राग आला नाही. त्या खरं बोलल्या होत्या. मी मंदाचा हात धरला आणि जिना उतरलो.

घराचं दार उघडून आत आल्यावर ती माझा हात सोडवून घेत म्हणाली, "काकू बोलल्या ते खरं आहे ना? मले ठाऊक होतं. इतके दिवस मी काही म्हटलं नाही. मी काय मागितलं होतं का तुमच्या महाराजांले, की मले दिसा म्हणून? आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी मले पुढं बसवलं, तं तेही तुमच्या डोळ्यात खुपलं." ती रडत नव्हती. डॉक्टरकडे येणार नाही, असंही ती म्हणाली. आणि मला दिसत होतं की ती माझं का म्हणून ऐकेल? कित्येक महिने मी तिला टोचत आलो होतो, माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती.

मी वाद घातला नाही. मला तेव्हा वाद घालायची भीती वाटत होती. कंदील लावला, तिला खुर्चीवर बसवलं, समोर बघायला सांगितलं, आणि कंदील तिच्या डाव्या बाजूला धरला. विचारलं, कंदील कुठे आहे? ती म्हणाली, तुम्ही तो बाहेर ठेवला, खोलीत उजेड आहे पण कंदील नाही. तेव्हा मी तिचा डावा हात हातात घेतला आणि हळूच काचेजवळ नेला. बोटांना ऊब लागली तशी ती दचकली. न दिसणाऱ्या कंदिलाच्या भोवती तिने हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग मान वळवली आणि तिला तो दिसला. सकाळी किती वाजता निघायचं, एवढंच तिने विचारलं.

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई अगदी तुटक बोलणाऱ्या होत्या. अंधाऱ्या खोलीत बारीक दिव्याने त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मला म्हणाल्या की डोळ्याच्या आतला पडदा एका बाजूने सुटला आहे, मधला भाग अजून चिकटून आहे, तो सुटला की संपलं. मग विचारलं, आधी चमकल्यासारखं दिसायचं का, काळे ठिपके? मी म्हणालो, दिसायचे. "मग काय केलं तुम्ही इतके दिवस?" मी म्हणालो, "आम्ही पाया पडत होतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना ते कळलं नसावं. पण त्या रागावल्या नाहीत. ऑपरेशन ताबडतोब करायला हवं, आणखी थांबला असतात तर इथे येण्यात अर्थ नव्हता, एवढं म्हणून त्यांनी तिला तिथेच आडवं केलं आणि मान हलवायची नाही अशी ताकीद दिली. मला परत घरी जाऊन फोटोपुढे हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. बाकावर बसल्या जागी जे म्हणता आलं ते म्हणालो. मला काही नको, अनुभव नको, दर्शन नको. हिचं हिला राहू दे.

ऑपरेशननंतर तिला उताणं झोपवून ठेवलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दिसेल की नाही ते पट्टी काढल्यावरच कळणार होतं. मी रजा घेतली. वरण-भात कालवून तिला घास भरवायचो, खिडकीबाहेर काय चाललं आहे ते सांगायचो. अण्णाजी येऊन गेले. तिच्या उशाशी हात जोडून बसले होते. ते गेल्यावर बऱ्याच वेळाने मंदाने विचारलं, "म्हणजे सारी बिमारीच होती का? ज्योत, उदी, घोंगडी, सारं? महाराज नव्हतेच?"

हाच प्रश्न ऐकायची किती महिने मी वाट पाहिली होती. याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं.

"ते मले नाही सांगता येत," मी म्हणालो. "पण तू म्हटलं महाराज डावीकडे उभे आहेत, म्हणून मी डावीकडे पाहिलं. तिथं मले मोठा तारा तुटताना दिसला, अन् तुले तो दिसला नाही हे कळलं. तू हात नसता दाखवला तं मी आभाळाकडे कायले पाहतो?"

ती म्हणाली, तारा कसा होता ते पूर्ण सांगा. मी सांगितलं. ठिपका कसा पेटला, किती सावकाश आला, हिरवा रंग कुठे होता, कुंडीची सावली कशी सरकली, तुकडे कसे झाले. मंडळापुढे सांगण्यासाठी ज्याला मी आयुष्यभर मनात जागा करून ठेवली होती, ते मी त्या खाटेजवळ बसून तिला एकटीला सांगितलं, आणि सांगताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती. माझं झाल्यावर पट्टीखालचे तिचे ओठ थोडे हसले.

"लोक पाया पडले माझ्या," ती म्हणाली, "अन् दिसलं तुमाले. मले तं तुमचा हेवा वाटून राहिला."

मी हसायला गेलो आणि मला रडू आलं. तिला दिसत नव्हतं हे बरं होतं, असं मला वाटलं. पण तिने हात पुढे करून चाचपत माझा चेहरा गाठला आणि गाल पुसला.

पट्टी काढली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंची बोटं बरोबर मोजली, आणि मग मला म्हणाली, दाढी करा. डाव्या बाजूचा एक कोपरा मात्र कायमचा काळा राहिला. ज्योत पुन्हा चमकली नाही. घरी कोणी नारळ घेऊन आलं नाही, आणि भजनाला ती आपल्या जुन्या जागी, मागे, द्रोण लावत बसू लागली. मला त्यानंतर आजवर काही दिसलेलं नाही. तो तारा म्हणजे महाराज होते की आकाशातला एक जळता दगड होता, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी इतकी वर्षं त्यांना धुऊन-पुसून स्वच्छ केलेल्या वस्तू वाहत राहिलो, त्यांनी त्यातली एकही उचलल्याचं मला कळलं नाही. माझ्याजवळ सर्वांत वाईट काय होतं, तर ती हेव्याने भरलेली नजर. त्यांनी तीच घेतली आणि तिच्याकडून काम करून घेतलं. एवढं झाल्यावर देवाला काय द्यावं आणि काय देऊ नये हे ठरवायचं मी सोडून दिलं.

उन्हाळ्यात आम्ही अजूनही गच्चीवर बसतो. मी तिच्या डाव्या बाजूला बसतो आणि तिकडे काय काय आहे ते तिला सांगतो.